वलंदेजाचा माग: केपला गेलेल्या डच माणसाचं आयुष्य जुन्या कागदांतून कसं शोधावं

साडेतीनशे वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला जाऊन कायमच्या राहिलेल्या माणसाचा माग साताऱ्यात बसून काढता येतो. मी तो काढते आहे, म्हणून खात्रीनं सांगते. माझं काम मोडी लिप्यंतराचं. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोकांची रीघ लागली आणि कोतवाल बुकं, गाव नमुना चौदा, कडईपत्रकं हेच माझे दिवसरात्रीचे सोबती झाले. त्याच सुमारास माझी भाची लग्न होऊन केप टाउनला गेली. तिच्या सासरची वंशावळ मागं मागं नेली की एका जोडप्यापाशी जाऊन थांबते. नवरा आर्नोल्डस विलेम्झ बासोन, ऱ्हाईन नदीकाठच्या वेसेल गावचा. बायको अँजेला, बंगालमधून गुलाम म्हणून नेलेली. भाची म्हणाली, "आत्या, तू एवढे जुने कागद वाचतेस, आमचे पण बघ की." तेव्हापासून मी हे कागद बघते आहे. ज्यांना असं काही शोधायचं आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहिते.

सुरुवात हयात माणसापासून करायची. घरातल्या बायबलात मागच्या पानांवर लिहिलेल्या जन्मतारखा, थडग्यावरचा मजकूर, आजीला आठवणारी नावं, हे सगळं आधी वहीत उतरवा. मग एकेक पिढी मागं जा. केपमध्ये १८३४ नंतर माणूस वारला की मृत्यूची सूचना सरकारदरबारी द्यावी लागे, आणि तीत मृताच्या आईबापांची नावं विचारलेली असत. तिथून चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्यांवर जायचं. केपच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या नोंदी १६६५ पासूनच्या आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडलं की या चर्चच्या पुष्कळ वह्यांची छायाचित्रं घरबसल्या बघायला मिळतात. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूचीही इंटरनेटवर शोधता येते. तयार वंशावळी ढिगानं सापडतील. त्या वाटाड्या म्हणून जरूर वापरा, पण प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीमागं एक कागद स्वतः पाहिल्याशिवाय पुढं सरकू नका. आपल्याकडं पडताळणी समिती जसा प्रत्येक पिढीचा पुरावा मागते, तसाच स्वतःकडं मागायचा.

नावांच्या बाबतीत मराठी माणसाला हे काम परक्यापेक्षा सोपं जातं. त्या काळी पुष्कळ डच माणसांना आडनाव नव्हतंच. यान्झ म्हणजे यानचा मुलगा, पीटर्झ म्हणजे पीटरचा. आपण मधलं नाव लावतो तीच रीत. पहिल्या मुलाला वडलांच्या वडलांचं नाव ठेवायचं, हेही आपल्यासारखंच. आर्नोल्डस "विलेम्झ" आहे, म्हणजे त्याच्या बापाचं नाव विलेम, आणि त्याच्या एका मुलाचं नाव विलेमच आहे. असा दुवा जुळला की आपण योग्य घरात आहोत असा भरवसा वाटतो. बाईचं नाव लग्नानंतर कागदात सहसा बदलत नाही, ती माहेरच्या नावानंच राहते. विधवा झाली की मात्र काही याद्यांत तिचं नाव गळतं आणि नुसतं "अमक्याची विधवा" एवढंच उरतं, म्हणून नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या याद्याही बघा. बाप्तिस्म्याचे साक्षीदार तर कधीही वगळू नका. ते बहुधा काका, मावश्या, शेजारी असतात, आणि एखादी वाट बंद झाली की त्यांच्याच नावावरून दुसरी उघडते. स्पेलिंगला त्या काळी धरबंध नव्हता. एकच बाई अँजेला, अन्सेला, माय अन्सेला अशा तीन रूपांत सापडते. मी कागदाच्या कोपऱ्यात सगळी रूपं लिहून ठेवते आणि प्रत्येक रूपानं वेगळा शोध घेते.

आता कंपनीचे कागद. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली निघाली आणि १७९९ च्या अखेरीस बुडाली. एवढ्या काळात जवळपास दहा लाख माणसं तिच्या जहाजांवरून आशियाकडं निघाली. परत आली ती निम्म्याहून कमी. त्यांतली कितीतरी माणसं मूळची डच नव्हतीच. जर्मन मुलूख आणि स्कँडिनेव्हियातून पोटासाठी आलेली पोरं होती ती. वेसेलचा बासोन त्यांतलाच. कंपनीचं मुख्य दफ्तर द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. मांडलं तर एक किलोमीटरहून लांब भरेल एवढं. त्याचा क्रमांक १.०४.०२, तो पाठ करून ठेवा, जागोजागी लागतो.

सगळ्यांत मोलाच्या वाटतात त्या जहाजांच्या पगारवह्या. प्रत्येक माणसाला समोरासमोरची दोन पानं. एका बाजूला त्याच्या नावे पडलेलं कर्ज, दुसऱ्या बाजूला जमा झालेला पगार. वर नाव, गाव, हुद्दा, जहाज. साधा शिपाई महिना ९ गिल्डरांवर पाच वर्षांच्या करारानं भरती होई, खलाशी तीन वर्षांच्या. कर्जाच्या बाजूला बहुतेकदा एक कर्जरोखा दिसतो. जहाज सुटेपर्यंत ज्यानं पोराला जेवू-खाऊ घातलं, कपडे आणि पेटी घेऊन दिली, त्याचे पैसे. ते फेडण्यात कित्येकांची पहिली काही वर्षं जात. आणि कधी कधी महिनापत्राची नोंद असते, म्हणजे वर्षाला तीन महिन्यांपर्यंतचा पगार घरी मायला किंवा बायकोला द्यावा अशी सोय. त्या एका ओळीतून आईचं नाव मिळतं, आणि कुणाची चूल त्या पगारावर पेटत होती तेही कळतं. शेवटी हिशेब का बंद झाला ते लिहिलेलं असतं: परतला, वारला, पळाला, किंवा आशियातच राहिला.

या वह्यांवरून केलेली सूची इंटरनेटवर आहे. साडेसात लाखांहून जास्त नोंदी. पण ती १६९९-१७०० पासूनची. तुमचा माणूस त्याआधी गेला असेल, जसा बासोन, तर तिथं सापडणार नाही, आणि त्याच नावाचा भलताच कुणी सापडला तर त्याला आपला म्हणायचा मोह होईल. तो आवरा. जुन्या माणसांसाठी केपच्या शिबंदीच्या याद्या आहेत, ॲमस्टरडॅम शहराच्या अभिलेखागारात १५७८ पासूनचे नोटरीचे दस्त आणि १५६५ पासूनच्या लग्नापूर्वीच्या घोषणांच्या वह्या आहेत. जहाजाचं नाव हाती असेल तर १५९५ ते १७९५ या दोनशे वर्षांतल्या फेऱ्यांची वेगळी यादी मिळते. जहाज कोणत्या बंदरातून कधी निघालं, केपला कधी लागलं, बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) कधी पोचलं, सगळं तीत आहे.

माणूस कंपनीची नोकरी सोडून केपला राहिला की तो "मुक्त नागरिक" होई. १६५२ साली कंपनीचा अधिकारी यान व्हान रिबेक यानं केपला ठाणं बसवलं आणि १६५७ मध्ये लीसबेक नदीकाठी पहिल्या नऊ जणांना जमिनी दिल्या. इथून पुढं त्याचा पगार थांबतो आणि त्याच्याकडून वसुली सुरू होते, म्हणून कागदही बदलतो. दर वर्षीच्या कर-यादीत त्याचं घर असं दिसतं: स्वतः, बायको, मुलगे, मुली, गुलाम, घोडे, बैल, मेंढ्या, द्राक्षवेली, पेरलेला गहू, निघालेला गहू, बंदुका. एका वर्षाची यादी बघून काही कळत नाही. सलग वर्षांच्या एकाखाली एक मांडा. गुरं वाढली, मुलगा यादीतून गेला आणि पुढच्या वर्षी स्वतंत्र घर म्हणून आला, दुष्काळात गहू निम्म्यावर आला, असं आयुष्य हलताना दिसतं. गुरांचे आकडे मात्र कमीच धरा. कर चुकवायला लोक जनावरं लपवत.

कागद हातात आला की मी पहिला प्रश्न विचारते: हा कुणी, कशासाठी लिहिला? कारकुनाला वसुली हवी होती, पाद्र्याला आत्म्याची नोंद, न्यायालयाला गुन्हा. ज्याला जे हवं तेच त्यानं नीट लिहिलं. बाकीचं कानावर पडलं तसं.

केपमध्ये अनाथ मुलांची मालमत्ता सांभाळणारी एक कचेरी होती. मागं अल्पवयीन वारस ठेवून कुणी गेलं की तिचे लोक घरात येऊन खोलीवार यादी करत. पुढची खोली, स्वयंपाकघर, माळा, तळघर. किती खुर्च्या, किती तांब्याची भांडी, कुणाचं किती देणं. या याद्या उतरवून इंटरनेटवर ठेवल्या आहेत. अँजेलाची मुलगी आना द कोनिंग हिनं ओलोफ बर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि पुढं ग्रूट कॉन्स्टान्शियासारखी इस्टेट त्या घरात आली. गुलाम म्हणून आणलेल्या बाईची मुलगी केपच्या बड्या घरची मालकीण झाली, आणि तिच्याही घरात गुलाम होते. हे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवायला लागतं.

याच याद्यांत गुलामांची नावं असतात, आणि मला सांगायचं आहे ते मुख्यतः याबद्दल. वसाहतवाल्याचा माग काढताना त्याच्या कागदात दबलेली आपल्या किनाऱ्यांवरची माणसं सोडून देऊ नका. केपच्या गुलामांत हिंदुस्थानातून नेलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या नावापुढं "व्हान बेंगालेन", "व्हान मलबार", कोरोमांडेलसाठी, म्हणजे हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यासाठी, "व्हान द कुस्ट" असं लिहिलेलं असतं. आईबापानं ठेवलेलं नाव बहुधा गेलेलंच असतं. सप्टेंबर, फेब्रुवारी अशी महिन्यांची नावंसुद्धा माणसांना दिलेली आहेत. त्यांच्यासाठी वेगळी वही करा. खरेदीखतात नाव, मुलूख, वय, विकणारा, घेणारा आणि किंमत मिळते. मृत्युपत्रात कधी मुक्ततेची अट. अँजेलाचा माग असाच लागतो. ती रिबेकच्या घरात होती, तो केप सोडून गेला तेव्हा आब्राहाम गाबेमा या कंपनीच्या अधिकाऱ्याकडं गेली, गाबेमानं १६६६ साली तिला मुक्त केलं, १६६८ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला आणि १६६९ मध्ये बासोनशी लग्न. तिनं स्वतः लिहिलेला एकही कागद माझ्या हाती नाही. मालकांचे, चर्चचे आणि कचेरीचे कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ती उभी राहिली.

अक्षराची धास्ती घेऊ नका. मोडीसारखंच आहे, रोज अर्धा तास तेच वळण बघितलं की डोळा बसतो. आधी ठराविक मजकुराचे कागद घ्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नोंदी. शब्द तेच, फक्त नावं बदलतात. महिन्यांत एक खोडा आहे. ७ आकडा आणि पुढं "बेर" म्हणजे सप्टेंबर, ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. आठवा महिना समजून ऑगस्ट लिहिलात तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मल्यासारखं दिसेल. पैशात २० स्टायव्हरांचा एक गिल्डर, १६ पेनिंगांचा एक स्टायव्हर. केपमध्ये रिक्सडालर चाले, तो ४८ स्टायव्हरांचा.

तारखांतही घोळ असतो. हॉलंड प्रांतानं ग्रेगोरियन, म्हणजे आजची, कालगणना सोळाव्या शतकातच घेतली, उत्रेख्त, गेल्डरलँड यांनी १७०० साली, आणि इंग्रजांनी १७५२ साली. शिवाजी महाराज सुरतेवर आले तो दिवस इंग्रजांच्या हिशेबानं ६ जानेवारी, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलत असल्यामुळं साल १६६३. तोच दिवस डच हिशेबानं १६ जानेवारी १६६४. म्हणून तारीख उतरवताना ती कुणाच्या कागदातली हे शेजारी लिहाच.

आता पाच वर्षांपूर्वी नव्हती अशी एक मोठी सोय झाली आहे. आशियातून हॉलंडला गेलेल्या कंपनीच्या पत्रव्यवहाराची सुमारे पन्नास लाख पानं यंत्रानं वाचून शोधता येतील अशी केली आहेत. नाव टाका, पानं येतात. यंत्राचं वाचन कच्चं असतं, तेव्हा मूळ छायाचित्राशी ताडून बघितल्याशिवाय उतारा घेऊ नका.

तुमचा माणूस केपऐवजी हिंदुस्थानात राहिला असेल तर कागद आणखी जवळ आहेत. कोचीचं डच दफ्तर चेन्नईच्या तमिळनाडू अभिलेखागारात आहे. सुरतेत डच थडगी आहेत. मलबारच्या वनस्पतींवरचा हॉर्टस मलबारिकस हा ग्रंथ करवून घेणारा व्हान रेडे १६९१ साली वारला, त्याची कबर तिथलीच. त्या ग्रंथाच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट यांचा देवनागरीतला मजकूर छापला आहे, तो एकदा अवश्य बघा. श्रीलंकेत डचांनी "थोंबो" नावाच्या वह्या केल्या. एका वहीत जमीन, दुसरीत कुटुंब. फेरफार वाचणाऱ्याला त्या लगेच उमगतील. आणि वेंगुर्ल्याची वखार तर आपल्याच राज्यात. प्रतापगडचा प्रसंग घडला तेव्हा ती चालू होती, आणि तिथून गेलेल्या पत्रांत महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. मराठी कागदांत शोधताना "डच" शब्द टाकून काही हाती लागणार नाही. "वलंदेज" शोधा.

भाचीसाठी मी प्रत्येक पुराव्याचा एक कागद करते: वर दफ्तर क्रमांक आणि पान, खाली मूळ ओळ जशीच्या तशी, मग मराठी अर्थ, आणि शेवटी लाल शाईनं माझा तर्क. तर्क आणि ओळ कधी एकाच शाईत लिहीत नाही. सध्या बासोनच्या नावाखाली काळ्या शाईची पानं जमली आहेत, अँजेलाच्या नावाखाली लालच जास्त आहे, आणि चेन्नईच्या सूचीतला बंगालचा भाग अजून उघडायचा आहे.