उबुंटूच्या नव्या एलटीएसचं परीक्षण कसं करावं

उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची नवी एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती आली की त्याच संध्याकाळी ती व्हर्च्युअल मशीनमध्ये (चालू संगणकातल्या आभासी संगणकात) चालवायची, वॉलपेपरचे स्क्रीनशॉट टाकायचे आणि तारे देऊन मोकळं व्हायचं, असली परीक्षणं वाचून कुणाचं भलं होत नाही. वाचकाला विचारायचं असतं ते एवढंच, की माझ्या चालत्या मशीनवर हे टाकू की नको?

उतरवलेल्या फाइलचा चेकसम (ती अखंड उतरल्याची खूण) जुळवून पेनड्राइव्ह बनवा. लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज, ब्लूटूथ बघा. कोऱ्या डिस्कवर इन्स्टॉल करा. २४.०४ या आवृत्तीत इन्स्टॉलरचा नेहमीचा पर्याय घेतला तर लिबरऑफिस हा ऑफिस संच येत नाही, याची नोंद करा.

खरा कस लागतो तो अपग्रेडला. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्यानं. २४.०४ आली एप्रिल २०२४ मध्ये, पण आधीच्या एलटीएसवर, २२.०४ वर, असलेल्यांना अपग्रेडची सूचना मिळणार होती ती २४.०४.१ या पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीनंतर, आणि २४.०४.१ आली ऑगस्टअखेर. म्हणून एप्रिलमध्ये फक्त ओळख लिहा, निकाल .१ येईपर्यंत देऊ नका. यावर मी तडजोड करत नाही.

अपग्रेड वापरात मुरलेल्या मशीनवरच करायचं. क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनानं आधी पूर्ण इमेज घ्या. पीपीए (उबुंटूबाहेरच्यांनी चालवलेले सॉफ्टवेअरचे सोर्स) कुठले कुठले आहेत ते लिहून ठेवा, कारण अपग्रेड बाहेरचे सगळे सोर्स बंद करतं. नंतर ते एकेक करून सुरू करा. एकदम सगळे सुरू केलेत तर बिघाड कुणामुळे झाला ते कळणारच नाही. अपग्रेड चालू असताना मध्येच एखादी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल जुनी ठेवायची की नवी, असा प्रश्न येतो. तिथे घाईनं एंटर दाबू नका, फरक उघडून वाचा.

मग मोडलेलं शोधा. नोम या उबुंटूच्या डेस्कटॉपच्या ४५ व्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शन (डेस्कटॉपला जोडायच्या जादा सोयी) लिहायची पद्धतच बदलली, त्यामुळे २२.०४ वरची जुनी एक्स्टेन्शन २४.०४ मधल्या नोम ४६ वर तशीच चालत नाहीत. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा ३.१० वरून ३.१२ वर जाते, जुन्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटना (एकेका प्रकल्पाच्या वेगळ्या पायथन-मांडणीला) आपली पॅकेजेस सापडत नाहीत आणि त्या नव्यानं बनवाव्या लागतात. थंडरबर्ड हे मेलचं ॲप आता स्नॅप (उबुंटूचं स्वतंत्र, बंदिस्त पॅकेज) म्हणून येतं. जुनी मेल, फिल्टर, पत्ते सगळं आलंय का, उघडून बघा. नुसतं 'अपग्रेड सुरळीत झालं' असं लिहिणाऱ्यानं यातलं काहीच उघडलेलं नसतं.

रात्री लॅपटॉपचं झाकण मिटून ठेवा, सकाळी बॅटरी किती उतरली ते टिपा.

मराठी टायपिंग वगळू नका. इनस्क्रिप्ट कीबोर्डनं 'दऱ्या', 'तऱ्हा' टाइप करा. लिबरऑफिस रायटरमध्ये, ब्राउझरमध्ये आणि फाइलच्या नावात अर्धा ऱ नीट उमटतो का, ते तिन्हीकडे तपासा.

लिहिताना मशीनचं मॉडेल, ग्राफिक्स कार्ड आणि कुठल्या आवृत्तीवरून आलात हे पहिल्याच परिच्छेदात द्या. निकाल 'थांबा' असेल तर तसं स्पष्ट लिहा. २२.०४ ला २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, थांबणाऱ्याचं काही अडत नाही.