एका वावरावरून चार पिढ्यांची कादंबरी कशी लिहावी

गावाचा इतिहास कादंबरीत जपायचा असेल, तर सुरुवात वंशावळीपासून न करता घरच्या एका वावरापासून, म्हणजे शेतापासून, करावी. वंशावळीत नावे मिळतात, आणि तीही बहुधा पुरुषांचीच. वावर कोणी घेतले, कोणाकडे गहाण पडले, वाटणीत धुरा (बांध) कोठून गेला, या प्रत्येक प्रश्नामागे मात्र एक प्रसंग असतो, आणि चार पिढ्यांची कथा अशा प्रसंगांवरच उभी राहते.

तलाठ्याकडून सातबारा घेऊन त्यावरचे फेरफार (मालकीतल्या बदलाच्या नोंदी) क्रमांकानिशी टिपावेत आणि जुन्या नोंदींच्या नकलांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. कोतवाल बुक (गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही) आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टरही पाहावे. कागद मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावा. गाव विदर्भातले असेल, तर येथे एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि तेथे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची पद्धत, रुजली. वर्धा नदीच्या पूर्वेकडे, नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या मुलखात, मालगुजारी, म्हणजे मालगुजाराने गावाचा सारा गोळा करून सरकारला भरण्याची पद्धत, होती आणि ती १९५१ मध्ये संपली. अमरावतीकडच्या रयतवारी गावातला पणजोबा मालगुजाराच्या वाड्यावर सारा भरताना दाखवला, तर पुढचे सारे तपशील खरे असूनही जाणता वाचक विश्वास ठेवणार नाही.

म्हातारी माणसे सहसा साल सांगत नाहीत, खूण सांगतात. ‘मानमोडीत आजी गेली’ म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. ‘बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तो दसरा’ म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६. दुष्काळ म्हटला की बहुधा १९७२. अशा खुणांचा तक्ता आधी करून ठेवावा आणि ऐकलेला प्रत्येक प्रसंग त्यात बसवून पाहावा.

सर्वांत अधिक वेळ मात्र, कागदावर नाव लागले आणि पुढे गळले, अशा माणसांना द्यावा. बापाच्या पश्चात वारस म्हणून लेकींची नावे चढतात आणि पुढच्याच फेरफारात हक्कसोडीने, म्हणजे वाटा सोडल्याचे लिहून दिल्याने, कमी होतात. नोंद तेवढ्यावर थांबते. कारण आत्याला विचारावे लागते, तेही चारचौघांत नव्हे, तर ती ओसरीत एकटी तूर निवडत बसलेली असताना. ‘भावाले राखी बांधतो, त्याले वावर कसं मांगू?’ असे ती म्हणाली, तर ते वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे, कारण अख्खे प्रकरण त्याच वाक्यातून निघणार असते. वऱ्हाडी बाई स्वतःविषयी ‘बांधतो’ म्हणते. ते ‘बांधते’ असे सुधारू नये. निवेदन प्रमाण मराठीत असले तरी चालते, संवाद मात्र गावाच्या बोलीतच हवेत.

त्याच वावरात गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत राबलेल्या सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या गड्याच्या, घरीही जावे. मालकाच्या घरी जो काळ सुगीचा म्हणून सांगितला जातो, तो तेथे आगाऊ उचल फेडण्यात गेलेला असू शकतो. दोन्ही कथने परस्परांशी जुळवून घेण्याचा मोह टाळावा आणि ती दोन वेगळ्या पात्रांच्या तोंडी तशीच ठेवावीत. आपल्या घराला कमीपणा येईल म्हणून दुसरे कथन गाळणे हा गावावर अन्याय ठरतो.

पहिला खर्डा झाला की, ज्यांनी सांगितले त्यांना तो वाचून दाखवावा. त्यांनी हरकत घेतल्यास माणसाचे नाव, नाते, हवे तर गावही बदलावे. पण साल, पीक आणि जमिनीचा व्यवहार तसाच ठेवावा.