दोन देशांमधला नदीकाठचा सायकलमार्ग: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वाहतूक नियोजन शिकून मी नदीकाठच्या सायकलमार्गाच्या कामावर रुजू झाले, तेव्हा डोक्यात फक्त रस्ता होता: रुंदी किती, चढ किती, डांबर की खडी. काम होतं ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियाच्या सीमेवर, मोरावा नदी डॅन्यूबला मिळते त्या भागात. पहिल्याच आठवड्यात दोन्ही देशांकडून आलेल्या मार्गाच्या फायली मी नकाशावर एकावर एक ठेवल्या. दोन्ही रेघा आपापल्या काठापर्यंत येऊन थांबल्या होत्या. मधला पूल कुणीच काढला नव्हता.

पूल प्रत्यक्षात आहे, आणि सुंदर आहे. मोरावावरचा, ऑस्ट्रियातलं श्लॉसहोफ आणि स्लोव्हाकियातलं देविन्स्का नोवा वेस यांना जोडणारा, फक्त सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठीचा हा स्वातंत्र्य सायकलपूल 2012 मध्ये खुला झाला. शीतयुद्धात इथल्या काठावर तारेची कुंपणं होती, पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांचे जीव गेले. पुलाचं नाव त्यांच्या आठवणीत आहे. डिसेंबर 2007 मध्ये स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रात आल्यावर सीमेवरची तपासणी थांबली. फायलींमधली सीमा मात्र तिथेच राहिली. तुमचं निम्मं काम तिच्याशीच असणार आहे.

म्हणून कार्यालयात बसण्याआधी मार्ग स्वतः सायकलने करा, दोन्ही दिशांनी. सामान लादून करा, कारण रिकाम्या सायकलला जो अडथळा जाणवत नाही तो भरलेल्या सायकलला लगेच जाणवतो. ऑस्ट्रियात डॅन्यूब सायकलमार्गाच्या पाट्या हिरव्या असतात, स्लोव्हाकियात सायकलमार्गाच्या पाट्या पिवळ्या. पूल ओलांडल्यावर प्रवासी हिरवी पाटी शोधत राहतो आणि पिवळी समोर असूनही त्याला ती दिसत नाही. दोन्ही देशांचे पाट्यांचे नियम बदलणं आपल्या हातात नसतं. दोन्हीकडे तोच युरोव्हेलो क्रमांक (युरोपभरच्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांना दिलेला) ठळक लावून घेणं मात्र जमतं, आणि तेवढ्यानेही बरंच काम होतं.

आता मालकीबद्दल, कारण सगळ्यात जास्त इथेच शिकायला मिळतं. डॅन्यूबकाठचे कित्येक सपाट, निवांत पट्टे मुळात सायकलसाठी नव्हतेच. घोडे दोरखंडाने नावा प्रवाहाविरुद्ध ओढायचे, त्यांच्या चालण्याच्या या वाटा. आजही त्यातल्या बऱ्याच जलमार्ग सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे आहेत आणि सायकलला तिथे परवानगीने जागा मिळते. त्यामुळे एखाद्या ठिकाणी बाक ठेवायचा म्हटलं तरी गाव, जलमार्गवाले, पूरनियंत्रणवाले आणि कधी वनखातं, इतक्यांच्या दारी जावं लागतं. मुळांनी पुराचा बांध कमकुवत होऊ नये म्हणून झाड लावू देत नाहीत, आणि सावली नाही म्हणून प्रवासी तक्रार करतात. दोघांचंही बरोबर असतं.

आणि मग पूर. जून 2013 मध्ये जर्मनीतल्या पासाऊला डॅन्यूब 12.89 मीटरपर्यंत चढली, सुमारे पाचशे वर्षांतली सर्वांत मोठी पातळी. असं पाणी ओसरतं तेव्हा मागे गाळाचा थर राहतो, आणि तो वाळून घट्ट व्हायच्या आत काढावा लागतो. रस्ता बांधायला इंटररेगसारख्या, सीमापार कामांसाठीच्या युरोपीय संघाच्या निधीतून पैसा मिळतो, पण सहाव्या वर्षी गाळ कोण काढणार, याचं उत्तर अनेकदा अर्जात नसतं. माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. मी बांधकामाचं अंदाजपत्रक चोख केलं आणि देखभालीसाठी एकच ओळ लिहिली: ‘स्थानिक संस्था करतील’. पुढच्या बैठकीत एका गावच्या महापौरांनी शांतपणे विचारलं, ‘कोणती?’ माझ्याकडे नाव नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक किलोमीटरसमोर एक नाव आणि एक फोन नंबर लिहिल्याशिवाय मी आराखडा पुढे पाठवत नाही.

पर्यटनाचे आकडे मांडताना जपून. वाटेवर बसवलेलं मोजणीयंत्र फेऱ्या मोजतं, माणसं नाही. रोज कामाला जाणारा दोनदा मोजला जातो आणि लांबचा प्रवासी एकदाच. म्हणून वाटेत थांबवून विचारावं लागतं: काल रात्री कुठे राहिलात, आज कुठे राहणार? प्रदेशाचा खरा फायदा या दोन उत्तरांत असतो. लांबच्या सायकलप्रवासाची गंमत अशी की माणूस दिवसाला चाळीस-साठ किलोमीटर जातो आणि रोज वेगळ्या गावात झोपतो. मोटारीने आलेला पर्यटक एकाच मोठ्या शहरात चार दिवस काढतो. सायकलवाला तेच पैसे चार गावांत ठेवून जातो. लहान गावांसाठी हे मला फार मोलाचं वाटतं.

पण त्यासाठी त्याला एका रात्रीपुरती खोली मिळायला हवी. ऐन हंगामात एका रात्रीचा पाहुणा घरमालकांना नकोसा असतो, कारण चादरी धुण्याचा खर्च तोच आणि भाडं एकाच रात्रीचं. जर्मनीत सायकलस्वारांच्या संघटनेची ‘बेट उंड बाइक’ ही ओळखखूण मिळवायची तर एका रात्रीसाठीही खोली द्यावी लागते, सायकल कुलपात ठेवायला जागा लागते आणि ओले कपडे वाळवायची सोयही. सीमेपलीकडे असं काही सुरू करायचं तर पत्रकं छापू नका. घरमालकांना एका दिवसासाठी पलीकडच्या गावात घेऊन जा आणि तिथल्या घरमालकांशी बोलू द्या. दुभाषी सोबत ठेवा, पण मधे मधे स्वतः बोलू नका.

शिकून काय यावं, असं विचारतात. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर यायला हवं, ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर दुरुस्ती करता यायला हवी, आणि पलीकडच्या भाषेतले निदान तीस-चाळीस शब्द: खडी, फरशी, पूर, कुंपण, होडी बंद. हा शेवटचा विसरू नका. ऑस्ट्रियात श्लोगनला डॅन्यूबच्या वळणावर सायकलवाल्यांना पलीकडे नेणाऱ्या होड्या हिवाळ्यात चालत नाहीत, आणि नकाशावरची तुटक रेघ ते सांगत नाही. तुम्ही काढलेल्या नकाशावर त्या रेघेशेजारी महिने लिहा.