आजोबांची लष्करातली नोंद शोधताय?

आजोबा जवान होते? मग दिल्लीला नको, थेट त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीत. पण आधी आर्मी नंबर मिळवा. नुसत्या नावावर शेकडो जाधव-शिंदे निघतील. हा नंबर डिस्चार्ज बुकात (नोकरी संपताना मिळणाऱ्या पुस्तिकेत) किंवा पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर असतो. कागद हरवलेत? ट्रंकेतलं पदक काढा आणि त्याची कड उजेडात फिरवून बघा, नंबर आणि नाव बहुतेकदा तिथेच कोरलेलं असतं. पेन्शन नसलेल्यांची सविस्तर कागदपत्रं साधारण 25 वर्षांनी नष्ट करतात, म्हणून अर्जात ‘लाँग रोल’मधली, म्हणजे जवानांच्या कायमच्या नोंदवहीतली नोंद आवर्जून मागा, ती थोडक्यात असते, पण जपलेली असते. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.