पाठ झालेलं पुस्तक आणि माझे सहा महिने

डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे हुशार असूनही वाचायला-लिहायला अडणाऱ्या मुलांना शिकवायला निघालेल्यांचे दर जूनला दोन प्रश्न ठरलेले असतात, बी.एड. स्पेशल करू का आणि आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नंबर लागतोच का, तर ते आधी उरकते. दोन्हींचं उत्तर हो. सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीतला नंबर, नसताना स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करणं १९९२ च्या आरसीआय कायद्यात बसत नाही, आणि 'तीन वीकेंडमध्ये डिस्लेक्सिया थेरपिस्ट व्हा' वाल्या कागदावर तो नंबर मिळत नाही. असे कोर्स काढणाऱ्यांवर माझा राग आहे, लपवत नाही. रंगीत चष्मे काय, ब्रेन जिमचे व्यायाम काय, ज्यांनी मूल वाचायला लागत नाही अशा सगळ्या गोष्टी तिथे फी घेऊन शिकवतात.

मी सुरुवात केली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मराठी शाळेत. जिन्याखालची खोली म्हणजे रिसोर्स रूम, अशा मुलांना वेगळं घेऊन शिकवायची जागा, पगार इतका की घरी सांगायची लाज वाटायची. चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला, त्याला बंड्या म्हणू. जून ते डिसेंबर, आठवड्याला तीन तास. नोव्हेंबरपर्यंत तो धड्यावर बोट ठेवून घडाघडा वाचायला लागला, मी रिपोर्टात 'उत्तम प्रगती' लिहिलं, आई पेढे घेऊन आली. जानेवारीत माझ्या कोर्सच्या मॅडम पुण्याहून आल्या, पाच मिनिटं ऐकलं आणि मधेच पानावर हात ठेवला. बंड्या पुढची दोन वाक्यं तशीच म्हणत राहिला!

हे नीट समजून घ्या, कारण तुम्हीही यात पडणार. आपल्याकडे वर्गात एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे मागून म्हणतात, घरी ताई वाचून दाखवते, आणि ही मुलं डोक्याने कमी नसतातच, ती अख्खा धडा कानाने उचलतात. बोटसुद्धा बरोबर सरकवतात. त्यामुळे वर्गाचं पुस्तक घेऊन प्रगती मोजायची नाही, कधीच नाही, आईने कितीही आग्रह केला तरी. धडा शेवटच्या शब्दापासून उलटा वाचून घ्या. न पाहिलेला मजकूर द्या. आणि खोटे शब्द द्या, टिमकू, गोलूफ, प्रठा असले, म्हणजे अंदाजाला जागाच उरत नाही. मी बंड्याला 'सर्मी' दिला, त्याने क्षणात 'समीर' वाचला. अक्षरं ओळखीची, रफार गायब, आणि वर्गात समीर नावाचा मित्र.

मराठी सोपी कारण जसं बोलतो तसं लिहितो, असं मीही म्हणायचे. पण पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. र तर बहुरूपीच, अर्क, क्रम, ट्रक, दऱ्या, चारही ठिकाणी वेगळा. घ-ध, भ-म, थ-य या सारख्या दिसणाऱ्या जोड्यांचा गोंधळ वेगळाच. ऑर्टन-गिलिंगहॅमची पद्धत घ्या, म्हणजे एकावेळी एकच गोष्ट, तोंडाने म्हणत वाळूत गिरवायची, मग वहीत, मागचं रोज परत. पण तिच्या इंग्रजी वर्कशीटची झेरॉक्स काढून मराठी मुलापुढे ठेवू नका. आणि अजून एक, मराठीत या मुलांच्या चुका पुढे पुढे कमी होतात पण वेग वाढत नाही, म्हणून स्टॉपवॉच ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट आपण देत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत डिस्लेक्सिया येतो, दहावीला जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे मिळतं, पण त्यासाठी सायकॉलॉजिस्ट आणि डॉक्टर लागतात. आपण वाचन-लेखनाच्या चाचण्या करायच्या आणि 'डिस्लेक्सिया आहे' असं आपल्या सहीने लिहायचं नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीत तपासलेले रिपोर्ट मी पाहिलेत, तिथे सरळ हरकत घ्या. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरची डाली ही डिस्लेक्सिया तपासायची चाचणी मराठीतही आहे.

घाबरवतेय असं वाटत असेल तर तसं नाही, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच चुकतं, आणि त्याने मूल कायमचं बिघडत नाही. फक्त गुरू नीट बघून घ्या. नोट्स देणारे खूप भेटतील, तुमच्या मागे बसून पानावर हात ठेवणारं एक माणूस शोधा. मॅडमचा मला महिनाभर राग होता, हेही खरं.

फेब्रुवारीत आम्ही परत काना-मात्रेपासून सुरू केलं. पेढे आणलेल्या बाईला काय सांगायचं हे मला आठ दिवस सुचेना. शेवटी सांगितलं, तर ती म्हणाली, "वाटलंच होतं मला मॅडम. एसटीची पाटी वाच म्हटलं की तो कंडक्टरला विचारायचा." सहा महिन्यांत मी तिला घरचं काहीच विचारलं नव्हतं.