धुतलेला डबा : पहिली कादंबरी लिहिताना

कादंबरी लिहायची आहे असं सांगणारी तरुण मंडळी भेटतात, तेव्हा बहुतेकांकडे विषय तयार असतो. माझ्याकडेही होता : ठाण्याच्या वागळे इस्टेट ह्या औद्योगिक वसाहतीतला बंद पडलेला कारखाना. काका तिथे फिटर होते, त्यामुळे भोंगा, पाळी, ले-ऑफ, हिशेब हे शब्द लहानपणापासून कानावर होते. तेवढ्या भांडवलावर मी 180 पानं लिहिली. छापील पुस्तकात त्यांतली जेमतेम 20 आली.

तो खर्डा मी मावशीला दिला. ती मराठीची निवृत्त शिक्षिका. तिनं साठाव्या पानावर बोट ठेवून विचारलं, "छान लिहिलंयस गं, पण ह्या दत्तारामला हवंय तरी काय? इथवर तो नुसता दुःखी आहे." मला उत्तर देता आलं नाही. पुढचे तीन महिने एक ओळ न लिहिता मी त्याच प्रश्नापाशी थांबले होते.

कारखाना बंद पडणं ही बातमी झाली. कादंबरीला लागतो तो असा माणूस, ज्याला काहीतरी हवंय आणि ते मिळवायला रोज काहीतरी पणाला लावावं लागतंय. माझ्या दत्तारामला हवं होतं, की मुलीचं लग्न ठरेपर्यंत नोकरी गेल्याचं घरात कुणाला कळू नये. हे एक वाक्य सापडलं आणि सगळं हललं. आता तो रोज सकाळी घरातून निघणार, दिवस कुठेतरी काढणार, पगाराच्या तारखेला पैसे कुठून तरी आणणार. प्रत्येक प्रकरणात पकडलं जाण्याची भीती आपोआप आली. तुमची कादंबरी रेंगाळत असेल, तर वर्णनं सजवत बसू नका. आधी हे वाक्य शोधा.

आता प्रसंगाबद्दल. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं : "दत्ताराम आतून पार खचला होता. सुनंदाला संशय येऊ लागला." ह्यात वाचकाला बघायला काहीच नाही. नव्या खर्ड्यात तो मासुंदा तलावाच्या काठी बसून जेवतो. दुपार सरता सरत नाही, म्हणून नळावर डबा घासतो, रुमालानं पुसून ठेवतो. 22 वर्षं कंपनीतून खरकटा डबा आणणारा नवरा आता लख्ख डबा आणतो. सुनंदा झाकण उघडते, आतून बोट फिरवते, बोलत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात एक चपाती जास्त घालते.

हा डबा मला सुचलेला नाही, तो काकीकडून आला. तिला मी आधी विचारायचे, "तेव्हा तुला कसं वाटलं?" उत्तर यायचं, "वाईट वाटलं, दुसरं काय." मग एकदा विचारलं, "त्या दिवशी स्वयंपाक काय होता?" आणि ती तासभर बोलली. माहिती काढताना माणसांना भावना विचारू नका. हातात काय होतं, चुलीवर काय होतं, दार कोणी उघडलं, हे विचारा. काळाचा तपशील तपासायला ग्रंथालयाला पर्याय नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं आहे. अशा जागी जुनी नियतकालिकं चाळताना बातम्यांपेक्षा जाहिराती जास्त वाचा. भाव, पोशाख, भांडीकुंडी सगळं तिथे सापडतं.

संवाद मोठ्यानं वाचा. माझी सगळी पात्रं आधी माझ्यासारखीच बोलत होती. ठाण्यात घरात मालवणी, कारखान्यात हिंदी आणि साहेबासमोर जपून बोललेली मराठी, असं एकाच माणसाच्या तोंडी असतं. तो कुणासमोर कसा बोली बदलतो, ह्यातूनच त्याचा स्वभाव कळतो.

वेळेचं म्हणाल, तर माझी नोकरी वाशीला. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलच्या अर्ध्या तासात मोबाइलवर 300 शब्द होतात. आठवड्यातले पाच दिवस धरले तर 40 आठवड्यांत 60,000. मराठी कादंबरीला हे पुरतं. मात्र गाडीत फक्त नवं लिहायचं. खाडाखोड घरी, कागदावर.

टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहतात. एका प्रकाशनसंस्थेनं माझी फाइल जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतली आणि रफार, जोडाक्षरं जागा सोडून भलतीकडे गेली. सगळी मुद्रितं (छपाईआधी तपासायची प्रुफं) मला पुन्हा अक्षरन्‌अक्षर लावून बघावी लागली. त्याआधी त्यांनी हस्तलिखित 11 महिने उत्तराशिवाय ठेवलं होतं. पाठवताना तारीख लिहून ठेवा, तीन महिन्यांनी नम्रपणे विचारा. 'खर्च लेखकाचा' असा प्रस्ताव आला, तर किती प्रती, कुठे विक्री, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

करार नीट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिताक्षणीच हक्क तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो, आणि करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला की थांबा. ई-बुक, ऑडिओ आणि अनुवाद ह्यांची कलमं वेगळी मागा. मी अनुवादाचा हक्क स्वतःकडे ठेवला. त्यासाठी फोनवर दहा मिनिटं बोलावं लागलं, एवढंच.

शेवटचं मुद्रित तपासताना मागच्या पानापासून पुढे या. गोष्टीच्या ओघात डोळा चुका गिळतो. मला अशा उलट्या वाचनात सुनंदाच्या त्या प्रसंगात 'चपाती'च्या जागी 'चपती' सापडली, तीही तिसऱ्या मुद्रितात.