बाळंतिणीचं मन थाऱ्यावर नसेल आणि सुया लावायचं ठरत असेल, तर

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला ॲक्युपंक्चर करते, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया लावते. त्याआधी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, बाळंतपणाच्या वॉर्डात. त्यामुळे बाळंतीण दारातून आत येते तेव्हा आधी तिचे डोळे बघायची सवय लागली आहे. खाली लिहिलंय ते तिच्या सासूसाठी, आईसाठी, नवऱ्यासाठी आहे, कारण तिला घेऊन यायचं की नाही हे बहुतेक घरांत तुम्हीच ठरवता.

आधी हे पाहा की झालंय काय. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून जास्त बायांना उगाच रडू येतं, चिडचिड होते. ते दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. त्याला सुया लागत नाहीत, झोप आणि माणसं लागतात. दोन आठवडे उलटले तरी ती रडते, बाळाकडे बघत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, जेवण जात नाही, ‘मी वाईट आई आहे’ असंच घोकते, तर ते डिप्रेशन असू शकतं. हा आजार आहे. सटवाई कोपली नाही, बाहेरचं काही लागलं नाही आणि ती कामचुकार तर मुळीच नाही. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, पण त्यात आठवडे घालवू नका.

हे तपासायला दहा प्रश्नांचा एक कागद असतो, एडिनबरा स्केल. १९८७ पासून जगभर वापरात आहे, मराठीतही आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. बेरीज १३ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर गाठायचाच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा असतो. त्याला ‘कधीतरी’ एवढं जरी उत्तर आलं, तरी बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टर. प्रश्न तिला एकटीला विचारा. सासू शेजारी बसली असेल तर सगळी उत्तरं ‘बरं आहे’ अशीच येतात.

हजारात एक-दोन बायांना याहून वेगळं आणि भयंकर काही होतं. रात्र-रात्र झोप नाही तरी अंगात जोर, तुटक बोलणं, कानात आवाज, बाळाबद्दल भलतेच संशय. बहुतेकदा हे पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतं. तिला माझ्याकडे आणू नका. १०८ बोलवा, सरकारी दवाखान्यात न्या, तिला आणि बाळाला एकत्र एकटं ठेवू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. रात्री काय करावं सुचत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

सुयांच्या आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड (टीएसएच). बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलं की थकवा आणि उदासी अगदी डिप्रेशनसारखी दिसते, आणि त्यावर सुई मारून थायरॉईड जागेवर येत नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या पावरा, भिल्ल घरांतली लेक असेल तर सिकलसेलचं (घराण्यातून येणारा रक्ताचा आजार) कार्ड आहे का तेही विचारा. नसेल तर तपासणी करून घ्या आणि सुया लावणाऱ्याला सांगा.

आता प्रामाणिक गोष्ट. ॲक्युपंक्चरने किती फरक पडतो? अमेरिकेत २०१० साली डिप्रेशन असलेल्या १५० गरोदर बायांवर अभ्यास झाला. डिप्रेशनसाठी ठरवलेल्या जागी सुया लावलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना बराच आराम पडला; बाकीच्यांपैकी कुणाला भलत्याच जागी सुया लावल्या होत्या, कुणाला मसाज दिला होता, त्यांच्यात हाच आकडा ४४ टक्के. पण त्या गरोदर होत्या, बाळंतिणी नव्हेत. हाँगकाँगमध्ये २०१२ ला बाळंतिणींवर छोटा अभ्यास झाला, फक्त २० जणी. त्यात खऱ्या सुया आणि खोट्या सुया (नुसत्या टेकवलेल्या, आत न जाणाऱ्या), दोन्हीकडे बायांना बरं वाटलं, फरक दिसला नाही. म्हणून मी कुणालाच ‘सुयांनी डिप्रेशन जातं’ असं सांगत नाही. डॉक्टरच्या उपचाराला जोड म्हणून या, असं सांगते. त्यात सुईचा वाटा किती आणि शांत आडवं पडायला मिळालेल्या अर्ध्या तासाचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. पण बाळंतिणीला तो अर्धा तास दुसरं कोणी देत नाही, हे मी रोज बघते.

डॉक्टरने गोळी दिली असेल तर ती चालू राहू द्या. ‘अंगावर पाजते, गोळी कशी घेऊ’ ही भीती घरोघरी आहे. सर्ट्रालिनसारखी गोळी दुधात फार थोडी उतरते, म्हणूनच पाजणाऱ्या आईला डॉक्टर बहुधा तीच देतात. ‘गोळ्या बंद करा, मी सुयांनी बरी करतो’ असं म्हणणारा भेटला तर तिथून उठा.

बरा माणूस कसा ओळखावा? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा, आणि त्याखाली परिषद आहे. सुया लावणाऱ्याची त्या परिषदेत नोंदणी आहे का, हे सरळ विचारा, संकोच कसला! सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई डब्यात जाऊन कायमची संपली पाहिजे. आणि त्याने आधी विचारलं पाहिजे: सिझर झालंय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, चक्कर येते का. काहीही न विचारता सुई हातात घेतो तो माझ्या मते नकोच. (‘चिनी उपाय आपल्याकडे कशाला’ असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. बिजय बसूंनीच १९५९ मध्ये ही विद्या भारतात आणली.)

येण्याच्या दिवशी तिने रिकाम्या पोटी यायचं नाही. अर्धी भाकरी, वरण, काहीतरी पोटात हवं, नाहीतर सुया लावल्यावर घेरी येते. निघण्याआधी किंवा माझ्याकडे पोचल्यावर बाळाला पाजून घ्या. कपडे सैल, गुडघ्यापर्यंत वर सरकतील असे. चैत्र-वैशाखात सकाळी आठचीच वेळ मागा. दुपारच्या उन्हात बाळ घेऊन स्टँडवर उभं राहणं हीच शिक्षा होते. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. सव्वा महिना घराबाहेर न काढण्याची रीत पाळत असाल तर माझं एवढंच म्हणणं, सुया थांबतील, डॉक्टर थांबवू नका.

आणि बाळ कोण धरणार हे घरूनच ठरवून या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

यावलकडची एक सून आली होती सासूबरोबर. सासू म्हणाली, “तिले काहीच गोड लागत नही, ताई. पोऱ्याकडे दखत बी नही.” सून भिंतीकडे तोंड करून पडली. मी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोरीसारख्या लागणाऱ्या दोन कंडरांमध्ये पहिली सुई लावली. ही सुई पाव मिलिमीटर जाडीची असते, इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक. मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथे जड, बधिर वाटतं, कधी बोटापर्यंत ठणका जातो. तो ठणका हवा असतो. मग गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं बाहेरच्या बाजूला, पायाच्या आतल्या घोट्यावर चार बोटं, माथ्यावर एक आणि दोन भुवयांच्या मध्ये एक. सिझरच्या टाक्यांजवळ मी सुई लावत नाही. दिवा बंद केला, सासूला बाळासकट बाहेरच्या बाकावर बसवलं. बाळ रडलं तशी सून उठायला गेली. मी म्हटलं, “पडी राह्य माय, आजी शे ना.” थोड्या वेळाने तिचं घोरणं ऐकू आलं. सासू दारातून बघत होती, तिने पदर तोंडाला लावला. पुढच्या वेळी सासू न सांगताच बाकावर बसली. ती सून गोळीही घेत होती, जळगावला डॉक्टरकडेही जात होती, त्यामुळे बरी झाली याचं श्रेय मी एकटी घेणार नाही.

वीस-तीस मिनिटं सुया राहतात. आठवड्यातून एकदा-दोनदा, सात-आठ आठवडे. सुई काढल्यावर थेंबभर रक्त किंवा छोटा काळा डाग पडतो, घाबरू नका. उठताना आधी कुशीवर, मग बसून, मग उभं. जागा लाल होऊन दुखली, ताप आला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर.

घरी सुई कोणीही लावायची नाही, पण दाब देता येतो. मनगटाची तीच जागा अंगठ्याने दाबा, दुखेल इतकी नाही, मिनिट-दोन मिनिटं, दोन्ही हातांना. पुन्हा दिवस राहिल्याची शंका असेल तर घोट्यावरची आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातली जागा दाबू नका. दाब नवऱ्याने द्यावा असं मी मुद्दाम सांगते.

तीन-चार आठवड्यांनी तोच दहा प्रश्नांचा कागद पुन्हा भरा. बेरीज तिथेच असेल तर सुया वाढवून उपयोग नाही, डॉक्टरला कागद दाखवून औषध बदलायचं का ते विचारा. बेरीज उतरली तर सुया पंधरा दिवसांवर आणता येतात. गोळी मात्र डॉक्टरच कमी करतील. कापूस वेचणी लागली की बायांचं येणं एकदम थांबतं, मजूर मिळत नाही म्हणून तिलाच वावरात नेतात. त्या दिवसांत मी संध्याकाळी उशिरापर्यंत दार उघडं ठेवते. तुमच्या गावाजवळ जो कोणी असेल त्यालाही तसं विचारा, आणि पहिल्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी आणि तो भरलेला कागद सोबत ठेवा.